लिंक उघडू नये

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी गोष्ट कुठे आणि कशी बिघडेल याचा विचार करण्यासाठी मला पगार मिळतो. घरी हेच काम मी फुकट करते, आणि घरी त्याला भित्रेपणा म्हणतात.

माझा नवरा यशोधन बँकेत आयटी सिक्युरिटीत आहे. म्हणजे लोकांना सावध करणं हे त्याचंही काम. पण ते लोकांना. स्वतः मात्र सेहेचाळिसाव्या वर्षी त्याने माउंटन बाइक घेतली, तीही ज्या देशात डोंगर नाही त्या देशात. आम्ही उइटहॉर्नला राहतो. तिथे उंच म्हणावं असं काही असेल तर तो नदीचा बांध. त्यामुळे दर रविवारी हा गाडीमागे सायकल अडकवून पाऊण-एक तासावरच्या उट्रेख्तकडच्या टेकड्यांमध्ये जायला लागला. तिथल्या एकोणसत्तर मीटरच्या उंचवट्याला डच लोक 'बर्ग' म्हणतात, म्हणजे पर्वत. मी खूप हसले होते. मग त्याने छातीवरच्या कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ दाखवला. दाट झाडांमधून हातभर रुंदीची वाट, वर आलेली मुळं, वळण, उतार, आणि सगळ्यावर त्याच्या धापा. तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहू शकले नाही.

पुढच्याच महिन्यात तो वाट चुकला. त्या जंगलात आखलेले मार्ग आहेत, खांबांवर खुणा आहेत. पण आमच्या साहेबांना एका मार्गावरून दुसऱ्यावर जायला मधल्या पायवाटा हव्या असतात. फोनची बॅटरी संपली आणि तो सव्वादोन तास उशिरा घरी आला. तोपर्यंत मी त्याची विमा पॉलिसी कुठल्या फाइलमध्ये आहे हे शोधून ठेवलं होतं. हे मी त्याला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की यापुढे जायचं तर जीपीएसचं घड्याळ घालून जायचं, आणि ते मी निवडणार.

मी एक्सेल उघडलं. नऊ घड्याळं, चौदा रकाने. रस्त्याची नुसती रेघ दाखवणारी घड्याळं पहिल्याच दिवशी बाद केली, कारण रेघेवरून उतरलात की ती फक्त 'तुम्ही चुकलात' एवढं सांगते, आणि ते मी घरी बसूनही सांगू शकते. मला पूर्ण नकाशा हवा होता, घड्याळातच साठवलेला, नेटवर्क नसतानाही चालणारा. बॅटरी जाहिरातीत लिहितात त्याच्या निम्मी धरली. यशोधनला एक पातळ, चकचकीत, बोटाने सरकवायचं घड्याळ आवडलं होतं. मी ते दुकानातल्या नळाखाली धरून, चिखलाचा हातमोजा घालून चालवायला सांगितलं असतं, पण दुकानदार नको म्हणाला. म्हणून नुसता ओला रुमाल मागितला. पडदा बोट ओळखेना. मी पाच बटणांचं, जाडजूड, कुरूप घड्याळ पुढे ओढलं.

दुकान अ‍ॅमस्टलवेनचं. दुकानदार तरुण आणि सोशिक होता. त्याने विचारलं, नक्की कशासाठी हवंय? वेग, हृदयाचे ठोके, झोप?

मी म्हणाले, "तो जिवंत परत यावा म्हणून."

त्याने हातातलं घड्याळ काउंटरवर ठेवलं. "मेफ्रौ," डचमध्ये बाईंना म्हणतात तसं तो म्हणाला, "हे घड्याळ आहे."

पण त्यानेच मग पडल्याचं ओळखणारी सोय दाखवली. जोरात आपटलात की घड्याळ थरथरतं. अर्ध्या मिनिटात तुम्ही ते थांबवलं नाहीत, तर खिशातल्या फोनच्या नेटवर्कवरून, पण कंपनीच्या नंबरने, ठरलेल्या माणसाला संदेश जातो: अमुक माणसाचा अपघात झाला असावा, तो इथे आहे. खाली लिंक. शिवाय डावीकडचं वरचं बटण दाबून धरलं की स्वतःहूनही तसाच संदेश पाठवता येतो. माझा चौदावा रकाना भरला. ते जाडजूड घड्याळ आम्ही घेतलं, आणि त्या माणसाच्या जागी यशोधनने माझा नंबर घातला.

घरी आल्यावर मी चाचणी घेतली. सोफ्याच्या गाद्या जमिनीवर टाकल्या आणि त्याला चौदा वेळा पाडलं. बारा वेळा संदेश आला. दोनदा आला नाही. यशोधन म्हणाला, गादीवर माणूस पडतो तेव्हा घड्याळालाही कळतं की हे नाटक आहे. मला ते दोन न आलेले संदेश झोपू देत नव्हते.

दुसऱ्याच रविवारी दुपारी माझ्या फोनवर संदेश आला. अपघात झाला असावा. त्याला चार फोन केले, त्याने एकही उचलला नाही. मी ११२ लावला. अँब्युलन्स निघाली, जंगलातला रक्षक निघाला, आणि मग यशोधनचा फोन आला: "अगं, मी कॉफी पितोय." एका खड्ड्यावरून उडी मारताना घड्याळाला तो पडल्यासारखा वाटला होता, आणि हातमोज्यामुळे याला थरथर कळली नव्हती. अँब्युलन्सवाले फारच सभ्यपणे वागले. पण त्याच्याबरोबरच्या सायकलवाल्या मंडळींमध्ये बरेच दिवस त्याची थट्टा चालली. तो माझ्यावर चिडला नाही. घरी येऊन घड्याळाशी खुडबूड करत म्हणाला, सेटिंग बदललंय, आता उगाच त्रास होणार नाही. मला वाटलं, त्याने त्याची संवेदनशीलता कमी केली असेल. मी विचारलं नाही. लाजच एवढी वाटत होती.

इथे त्याच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. बाबा पुण्याला सहकारनगरमध्ये राहतात, आई गेल्यापासून एकटेच. मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. शब्द मोजून, आकडा दोनदा. गेल्या वर्षी त्यांच्या मजल्यावरच्या प्रमोदिनीकाकूंना मुलाच्या आवाजात रडत फोन आला, मी अडचणीत आहे, लिंक पाठवतो. त्या पुरत्या फसल्या. ते कळल्यावर यशोधनने बाबांचा आठवडाभर वर्गच घेतला, रोज व्हिडिओ कॉलवर. आम्ही अडचणीत आहोत असा मेसेज आला तर तो खोटा. लिंक कधीही उघडायची नाही. नंबर, आवाज, चेहरा, सगळं बनावट करता येतं. रडणाऱ्या आवाजावर तर मुळीच विश्वास ठेवायचा नाही. आपण स्वतः साठवलेल्या नंबरवर उलट फोन करायचा आणि घरच्या माणसालाच माहीत असेल असा प्रश्न विचारायचा. मग त्याने बाबांना न सांगता एक खोटा मेसेज पाठवून परीक्षा घेतली. बाबांनी लिंक उघडली. त्यांना ते इतकं लागलं की दोन दिवस ते बोलले नाहीत. त्यानंतर ते कधीही चुकले नाहीत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

तर तो रविवार. नोव्हेंबरचा मध्य, चार अंश, पाऊस नाही पण हवा ओली. यशोधन साडेदहाला निघाला, तीनपर्यंत येतो म्हणाला. मी वांगी भाजली, भरीत केलं, भाकरीचं पीठ काढून ठेवलं. तीन वाजले. सव्वातीनला मी पहिला फोन केला. पूर्ण वाजला आणि बंद झाला.

फोन बंद नव्हता, वाजत होता. ते चांगलं की वाईट हे मला ठरवता येईना. साडेतीनला पुन्हा केला. पावणेचारपर्यंत सहा वेळा. मी स्वतःशीच हुज्जत घालत होते. घड्याळ गप्प आहे. तो पडला असता तर घड्याळ बोललं असतं. बारा वेळा बोललं होतं. दोनदा बोललं नव्हतं. आणि कॉफीच्या वेळी बोललं होतं ते खोटं होतं. आता मी ११२ केला आणि तो पुन्हा एखाद्या टपरीवर बसलेला निघाला, तर आयुष्यभर मला कुणी खरं मानणार नाही. ज्या भीतीला इतके दिवस सगळे हसले, त्या भीतीवर माझाच विश्वास उरला नव्हता.

गाडी त्याच्याकडे होती. बाहेर उजेड उतरायला लागला होता. पावणेपाचला सूर्य मावळतो हे मी सकाळीच पाहून ठेवलं होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला. मी इतकी दचकले की तो हातातून पडला. यशोधनचा चुलतभाऊ प्रणव, बाणेरहून. त्याने लिहिलं होतं: वहिनी, दादाचा फोन हॅक झालाय का? काकांनी ग्रुपवर टाकलंय बघा.

आमच्या घरच्या ग्रुपचा आवाज मी कधीच बंद करून ठेवला आहे. रोज चाळीस सुप्रभात कोण बघणार? मी तो उघडला. बाबांनी एका मेसेजचा फोटो टाकला होता, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'सर्वांनी सावध राहावे. चि. यशोधनच्या नावाने फसवणुकीचा मेसेज आला आहे. लिंक उघडू नये.' खाली नमस्काराचे हात होते. धन्यवाद काका. हल्ली फारच वाढलंय हे. कुणीतरी शुभ संध्याकाळचा गुलाब पाठवला होता. त्याच्याखाली पुन्हा बाबा: 'परत आला. चिवट आहेत.' आणि त्याच्याही खाली: 'तिसऱ्यांदा. नंबर ब्लॉक केला आहे.'

फोटोतला मेसेज इंग्रजीत होता. तो मला पाठ होता, यशोधनला चौदा वेळा पाडून बारा वेळा वाचला होता. यशोधनचा अपघात झाला असावा. तो इथे आहे. आणि ज्या ओळीत लिंक होती, ती पडद्याच्या कडेला अर्धी कापली गेली होती.

पहिल्या मेसेजची वेळ पुण्याची सहा बारा. मी साडेचार तास वजा केले. एक बेचाळीस. तेव्हा मी वांगी भाजत होते.

दोन गोष्टी एकदम कळल्या. तो अडीच तास कुठेतरी पडून आहे. आणि घड्याळात माझा नंबर नाही, बाबांचा आहे. दुसरी गोष्ट मी बाजूला सारली, तिच्यासाठी तेव्हा वेळ नव्हता.

बाबांना फोन लावला आणि त्याच वेळी अनवाणीच शेजारच्या विलेमीनच्या दाराशी गेले. विलेमीन सत्तरीची आहे, एकटी राहते, गाडी चालवते. तिने माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता मला आत घेतलं. मी मोडक्या डचमध्ये सांगितलं. तिने लगेच स्वतःच्या फोनवरून ११२ लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला तो हाच, की माणूस कुठे आहे. विलेमीनने माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच माहीत होतं की जंगलात.

इकडे दुसऱ्यांदा लावल्यावर बाबांनी फोन उचलला. मागे टीव्ही चालू होता, ताटाचा आवाज येत होता. मला रडू आवरत नव्हतं.

"बाबा, यशोधन पडलाय. तो मेसेज खरा आहे. मला ती लिंक पाठवा, आत्ता लगेच."

टीव्ही बंद झाला. मग बाबांचा आवाज आला, माझ्याशी त्यांनी कधीच न वापरलेला.

"कोण बोलतंय?"

मी म्हणाले, आसावरी. ते म्हणाले, नंबर तिचाच दिसतोय, पण नंबर काय, कुणाचाही दाखवता येतो. आवाजसुद्धा. मी शपथा घालायला लागले, आणि घालता घालता मलाच ऐकू आलं की मी कशी बोलतेय. रडणारी बाई, घाई, अपघात, लिंक. यशोधनने त्यांना शिकवलेला धडा मी अक्षरशः म्हणून दाखवत होते. बाबा शांतपणे म्हणाले, मी माझ्या मुलाला विचारून घेतो, आणि त्यांनी फोन ठेवला.

तो मुलगा फोन उचलणार नव्हता. मी व्हिडिओ कॉल केला, त्यांनी कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला. मग फोन लागेचना. हे मलाही ब्लॉक करतील. बाणेरहून प्रणवला सहकारनगरला पोचायला तास लागेल. बाबा साडेनऊला फोन बंद करून झोपतात, आणि पुण्यात पावणेनऊ होऊन गेले होते. खिडकीबाहेर समोरच्या छपरांचा रंग गेला होता. ११२ वाली बाई विलेमीनला सांगत होती, की गाडी कुठे लावली असेल तिथून शोध सुरू करता येईल, पण त्या भागातल्या वाटा मिळून शंभरेक किलोमीटर भरतील. विलेमीनने माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

माझा फोन वाजला. बाबा.

"नियम असा आहे," ते म्हणाले, "की आपण साठवलेल्या नंबरवर स्वतः फोन करायचा. म्हणून केला. यशोधन फोन घेत नाहीये. आता मी एक विचारतो, त्याचं उत्तर दे. आपण सगळे तिकोन्याला गेलो होतो, तेव्हा शेवटच्या पायऱ्यांपाशी माझा गुडघा दुखायला लागला. डावा का उजवा?"

लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. सासरच्या सगळ्यांबरोबर पहिलीच सहल. तिकोना किल्ल्याच्या त्या शेवटच्या पायऱ्या उभ्या आहेत, एकेक गुडघ्याएवढी. चौथ्या-पाचव्या पायरीवर मी खाली पाहिलं आणि माझं अंग दगडाला चिकटलं. वर जाता येईना, खाली येता येईना, आणि नवीन सून म्हणून तोंडातून शब्द फुटेना. पुढचे सगळे वर निघून गेले होते. मागे बाबा होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने ओरडून वरच्यांना सांगितलं, की माझा गुडघा धरलाय, तुम्ही जा, आसावरी माझ्याजवळ थांबेल. मग माझा हात धरून एकेक पायरी खाली आणलं. खाली बसून आम्ही शेंगदाणे खाल्ले. त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही, आणि मीही.

"कुठलाच नाही," मी म्हणाले. "बाबा, तुमचा कुठलाच गुडघा दुखत नव्हता. मी घाबरले होते."

पलीकडे खुर्ची सरकली.

"थांब," ते म्हणाले. "चष्मा घेतो."

मेसेज ब्लॉक केलेल्यांच्या यादीत जाऊन पडले होते. मी त्यांना एकेक पायरी सांगत ती यादी उघडायला लावली. ते पुढे पाठवता येईनात, त्यांची बोटं ऐकत नव्हती. लिंक उघडू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, उघडू नका, नुसती वाचा. लिंकच्या शेवटी आकडे आहेत, ते मला सांगा.

बाबा वाचायला लागले. मोजणी खात्यातल्यासारखं. एक आकडा, मग तोच पुन्हा. पाच, पाच. दोन, दोन. टिंब. शून्य, शून्य. मी तो मराठीत परत म्हणायचे, विलेमीनकडे पाहून डचमध्ये सांगायचे, आणि ती तो फोनमध्ये म्हणायची. मध्येच मला डचमधला सात आठवेना. बोटं दाखवली. पहिली संख्या झाली, स्वल्पविराम, दुसरी संख्या. शेवटच्या आकड्यापर्यंत बाबांचा आवाज जराही हलला नाही.

मग ते म्हणाले, दुसऱ्या मेसेजमधलेही ताडून बघतो. आणि तिसऱ्यातले. मी थांबले.

"तिन्ही सारखेच आहेत," बाबा म्हणाले. "आसावरी, तो हललेला नाहीये."

११२ वाली बाई म्हणाली, जागा सापडली, माणसं निघाली आहेत. मी बाबांना तेवढं सांगितलं. ते म्हणाले, मी जागा आहे, आणि फोन ठेवला.

विलेमीनने ११२ वाल्या बाईकडून जवळच्या वाहनतळाचं नाव घेतलं आणि गाडी काढली. मी तिचे बूट घातले होते. सगळा रस्ताभर ती एक शब्द बोलली नाही आणि वेगमर्यादा पाळत राहिली, आणि मला तिचा राग येत होता. मी तीन मेसेजचा हिशेब करत होते. पहिला घड्याळाने आपोआप पाठवला असेल. पुढचे दोन त्याने बटण दाबून पाठवले. म्हणजे तिसऱ्यापर्यंत तो शुद्धीवर होता. तिसरा पुण्याच्या सात चाळीसला आला होता, म्हणजे इथले तीन दहा. त्यानंतर तासाहून जास्त वेळ काहीच नव्हतं. त्याने दाबणं का थांबवलं असेल, याची मला पाच कारणं सुचली आणि त्यातलं एकच बरं होतं.

वाहनतळावर आमची गाडी उभी होती, सायकलचा स्टँड रिकामा. झाडांच्या मधे अगदी काळोख झाला होता. आत दूरवर निळा दिवा फिरत होता. एका पोलिसाने मला तिथेच थांबवलं. मी उभी राहिले. किती वेळ ते मला आजही सांगता येणार नाही. मी देवाचं नाव घेतलं नाही, काही कबूल केलं नाही, नुसते ते आकडे पुन्हा पुन्हा म्हणत होते, प्रत्येक दोनदा. एखादा चुकीचा सांगितला असेल तर? सातच्या जागी नऊ?

मग चौघांनी उचललेलं स्ट्रेचर झाडांमधून आलं. सोनेरी कागदात गुंडाळलेला तो, चेहरा पांढरा, ओठ निळे. डोळे उघडे होते. मी पोलिसाला ओलांडून स्ट्रेचरपाशी गेले.

मांडीचं हाड मोडलं होतं. एका मार्गावरून दुसऱ्यावर जाताना पानांनी भरलेल्या घळीत सायकल उलटली होती. फोन सायकलच्या पुढच्या पिशवीत राहिला, पाच-सहा मीटरवर. एवढं अंतर सरकायला त्याने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा शुद्ध गेली. अँब्युलन्समध्ये मी त्याचा हात धरला तेव्हा तो बर्फासारखा होता आणि वर ते कुरूप घड्याळ.

"तुझं नाव येत होतं," तो म्हणाला. दात वाजत होते त्याचे. "यावर. तू फोन केलास की थरथरायचं आणि तुझं नाव यायचं. अकरा वेळा. उचलता येत नव्हता."

"बटण का नाही दाबलंस परत?"

"बोटं वळेनात. आणि वाटलं, बाबांनी कळवलं असेल."

शस्त्रक्रिया रात्रीच झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उशीला टेकून बसला, हॉस्पिटलचं पांचट सूप प्यायला, आणि तेव्हा मी बाजूला सारलेली ती गोष्ट बाहेर काढली. माझा नंबर कधी काढलास? तो म्हणाला, त्या कॉफीच्या रविवारी. सांगितलं का नाहीस? तू घाबरतेस म्हणून, तो म्हणाला. बाबा शांत असतात. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर त्यांचाच नंबर आहे. त्यांना म्हणालो होतो एकदा, तुमचा नंबर एका ठिकाणी घातलाय, ते बरं म्हणाले.

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. गेले बावीस तास मी जिवंत आहे की नाही हे मला कळत नव्हतं, आणि हा म्हणतो तू घाबरतेस. पण ओरडायच्या आत बाबांचा व्हिडिओ कॉल आला. फोन मी यशोधनसमोर धरला. बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांची दाढी वाढली होती. मी बाबांना बिनदाढीचेच पाहत आले आहे.

"त्या घड्याळातून माझा नंबर काढ," ते म्हणाले. "तिचा घाल."

यशोधन म्हणाला, बाबा, तुमची काही चूक नाही, मीच तसं शिकवलं होतं.

"शिकवलंस ते बरोबरच होतं. मी सगळं तसंच केलं. तीन वेळा तू हाक मारलीस, तीनही वेळा मी बरोबर वागलो, आणि मग पिठलं-भात वाढून घेऊन जेवायला बसलो." चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, लपवायचा प्रयत्न न करता. "मला भीती वाटली नाही रे. तिला वाटली, म्हणून तू सापडलास."

कॉल संपल्यावर यशोधनने मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि फोनचं लॉक उघडून दिलं. मी बाबांचा नंबर काढला. माझा घातला. मग घड्याळ पुन्हा त्याच्या हातात बांधलं आणि डावीकडचं वरचं बटण दाबून धरलं.

माझ्या फोनवर मेसेज आला. अनोळखी नंबर, इंग्रजी मजकूर, यशोधनला मदतीची गरज आहे, खाली निळी लिंक. तो माझ्यासमोर दीड हातावर बसला होता, तरी माझी बोटं गार पडली.

मी लिंक उघडली. नकाशा आला, त्यावर हॉस्पिटल, आणि हॉस्पिटलवर एक ठिपका.

मग मी पुन्हा बटण दाबलं. आणि पुन्हा. चौदा वेळा. दरवेळी यशोधनने हात पुढे केला, आणि तो एकदाही हसला नाही.